सांध्यातला कागद

इंदूकाकी कुणाच्याही घरी गेली, की चप्पल काढता काढता तिचं मधलं बोट दाराच्या चौकटीवरून फिरायचं. लोकांना वाटायचं, बाई आधार घेतायत. आधार कसला! चौकट कुठे सुकून उकललीय, कुठे खिळ्याचं डोकं वर आलंय आणि कुठल्या पॉलिशवाल्याने घाईघाईत हात मारलाय, हे तिला त्या एका बोटात कळायचं. मग ती आत येऊन बसायची, चहा घ्यायची, घरातल्या सगळ्यांची चौकशी करायची आणि निघताना दारात थांबून म्हणायची, "खालच्या अंगाला फट पडलीय गो. रविवारी येते मी." आणि खरंच यायची, कुणी बोलावलेलं नसताना.

ती सुतार नव्हती. सुतार तिचा नवरा. ठाकुर्लीला आमच्या बिल्डिंगच्या मागे पत्र्याची एक शेड होती. तिथे मेस्त्रीकाका लाकडाचं काम करायचे आणि त्या कामाला शेवटचा हात काकी लावायची. दोघं कुडाळकडची. मुलगी लग्न होऊन बडोद्याला गेलेली. मी तेव्हा ठाण्याला एका ऑफिसात नोकरीला होते आणि आईच्या माघारी घरी आप्पा आणि मी अशी दोघंच होतो. ऑफिसातून आले की सरळ घरी जायचं, तर कुकर लावावा लागणार. त्यापेक्षा शेडच्या दारातल्या फळीवर अर्धा तास बसलेलं बरं, असा माझा साधा हिशेब होता. आप्पांनाही तो हळूहळू कळला आणि कुकर तेच लावायला लागले.

शेडमध्ये काकीचा कोपरा वेगळा होता. दुधाच्या पावडरचे जुने डबे ओळीने मांडलेले आणि प्रत्येकात भुसा. सागाचा भुसा, फणसाचा भुसा, शिसवीचा भुसा. सागाचेच सात डबे, कारण सगळा साग एका रंगाचा नसतो. मेस्त्रीकाका कापायला बसले की ही खाली जुनं धोतर अंथरायची, पडलेला भुसा गोळा करायची, वस्त्रगाळ करायची आणि डब्यावर गिऱ्हाइकाचं नाव टाकायची. त्याच घरची फट त्याच घरच्या भुशाने भरायची, हा तिचा नेम. बाजारात फटी भरायची तयार लांबी मिळते, सगळे तीच वापरतात, असं मी एकदा म्हटलं तर म्हणाली, "मिळते ना. चपात्यापण मिळतात तयार."

तिच्या मते भरायच्या जागा दोन प्रकारच्या. एक लाकडाची स्वतःची बारीक भोकं, डोळ्यांना नीट न दिसणारी. "ती त्याची भूक," ती सांगायची. "आधी पोट भर त्याचं. नाहीतर पॉलिश नुसतं पिऊन टाकतं आणि वर परत कोरडं ते कोरडंच." खडूची भुकटी, गेरू, थोडी पिवडी माती आणि चपडा लाख असं कालवून ती फडक्याने गोल गोल घोळवायची आणि पुसताना लाकडाच्या रेषांना आडवं पुसायची. एकदा मी हौसेने हात लावला आणि उभं पुसलं. तिने माझा हात धरून थांबवला. "उभं पुसलंस तर घातलेलं सगळं बाहेर येतं. माझी अर्ध्या दिवसाची मेहनत तुझ्या फडक्याला लागली."

दुसरी जागा म्हणजे माणसाने केलेली फट. तिथे डब्यातला भुसा आणि चिकटवायला सरस. ते सुकलं की काचपेपर आणि मग खरी गंमत. मोजके केस राखलेला ब्रश घेऊन ती त्या भरलेल्या जागेवर लाकडाच्या रेषा काढायची. शेजारची रेष कुठून येते, कुठे वळते, कुठे बारीक होते हे बघून तिला पुढे न्यायची. काम संपल्यावर मला विचारायची, "सांग, कुठे होती?" मला एकदाही सांगता आलं नाही.

पण गिऱ्हाइकाला मात्र ती स्वतःहून सांगायची. इथे भरलंय, इथे खिळा मारू नका, इथे जोर देऊ नका. "भरलेलं बघण्यापुरतं असतं, वजन घेण्यापुरतं नसतं," हे तिचं ठरलेलं वाक्य. आमच्या बिल्डिंगमधल्या देसाईबाईंनी मुलीच्या लग्नासाठी दुकानातून मोठं कपाट आणलं आणि कौतुकाने सगळ्यांना दाखवायला बोलावलं. काकीने चिवडा खाता खाता कपाटाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते बोट नाकाशी नेलं. "मेण आहे," ती म्हणाली. दुकानाचा माणूस बिजागरी बसवायला आलेला होता, तो चिडला. म्हणाला, "मावशी, काहीपण काय बोलता?" काकी शांतपणे म्हणाली, "नाही बाबा, मे महिना येऊ दे." मे महिना आला आणि कपाटाला घाम फुटला. सगळ्या फटींतून पिवळी मेणाची धार. देसाईबाई आठवडाभर दुकानाला शिव्या घालत होत्या. काकीला मात्र त्यात मजा वाटली नाही. "फट पडते, त्यात काय," ती मला म्हणाली, "पण ती नाहीच असं सांगून वस्तू द्यायची, ही फसवणूक झाली गो." तिचं हे वाक्य मला शब्दन् शब्द पाठ आहे. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

आता मेस्त्रीकाकांचं. अंगाने किडकिडीत, आवाज मोठा आणि गर्व त्याहून मोठा. लोखंडाचा एकही खिळा न वापरता नुसत्या सांध्यावर वस्तू उभी करायची हा त्यांचा बाणा. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात घट्ट बसणारं कुसू, की झालं. सांधा बसला की ते पटाशी खाली ठेवायचे आणि हाक मारायचे, "गो, ये." मग काकी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या महिन्याच्या पानाची एक बोटभर पट्टी फाडून आणायची आणि सांध्यात सरकवून बघायची. काका पाठ करून उभे राहायचे, बिडी शिलगावायचे आणि विचारायचे, "जाता काय?"

कागद आत जातो का, एवढाच तो प्रश्न. काकी सगळ्या बाजूंनी पट्टी लावून बघायची आणि म्हणायची, "नाय."

"मग तुका माझ्याकडे काम नाय," काका खूश होऊन म्हणायचे. "दुसऱ्यांच्या फटी भर जा."

आणि एखाद वेळी पट्टी गेलीच, तर काकी "जाता" म्हणायची. तेवढ्या एका शब्दावर काका तो सांधा उपटायचे आणि ते लाकूड बाजूला टाकून नवीन घ्यायचे. तिच्याशी वाद नाही, स्वतः बघणं नाही. जगात दुसऱ्या कुणाच्याही शब्दावर त्या माणसाने एक टाचणीसुद्धा हलवली नसती. मी अनेक नवराबायको पाहिलेत, एकमेकांना सोन्याने मढवणारेही. पण दिवसातून चार वेळा असं पाठ करून उभं राहणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही.

एका संध्याकाळी मी फळीवर बसले होते. काकांनी एका स्टुलाचा सांधा बसवला, हाक मारली आणि पाठ केली. काकीने पट्टी लावली. ती आत गेली. नुसती टोकाला नाही, अर्धी आत गेली. मला समोरून स्वच्छ दिसलं.

"जाता काय?"

काकीने पट्टी हळूच बाहेर ओढली. "नाय," ती म्हणाली आणि मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला बिल्डिंगच्या नळापाशी गाठलं. काकांच्या हाताला कंप सुटला होता. डोळ्यांत मोतीबिंदू, पण ऑपरेशनचं नाव काढलं की जेवणावरून उठायचे. "पहिल्यांदा खरं सांगितलं गो मी," ती म्हणाली. "चार वेळा सांगितलं, चार वेळा त्यांनी सांधा उपटला. चौथ्या वेळी मग तिथेच बसले. हात मांडीवर घेऊन बघत बसले नुसते. पाचव्या वेळी माझ्या तोंडातून नाय निघून गेलं. काय करू? हात थांबला तर माणूस थांबेल माझा." मग माझा दंड धरून म्हणाली, "तू पाहिलं नाहीस."

मी म्हटलं, "नाही पाहिलं." खरं सांगायचं तर मला तेव्हा थोडा अभिमानच वाटला. एवढी मोठी गोष्ट आपल्याला माहीत आहे आणि आपण ती राखतोय, असं काहीसं. काकीही हुशार होती. काकांकडे ती फक्त लहानसहान कामं येऊ द्यायची. पाट, देव्हारे, फोटोच्या चौकटी, चौरंग. ज्यावर कुणाचा जीव टांगणार नाही असं सगळं. काकांनी सांधा करायचा, काकीने पट्टी लावायची, "नाय" म्हणायचं आणि मग काका चहाला गेले की डब्यातला भुसा घेऊन बसायचं. ती असं भरायची, की काका दुसऱ्या दिवशी स्वतःच्या सांध्यावरून अंगठा फिरवून म्हणायचे, "हात अजून गेलेलो नाय माझो." अशी चार वर्षं गेली.

मग आम्ही घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला. अकराव्या मजल्यावर, पुढे डोंगर आणि खाली दिवसभर तुंबलेल्या गाड्या. आप्पांना तिथे करमेना. त्यांना एकच हौस होती, झोपाळा हवा. छताला कड्या लावायला सोसायटीची परवानगी नव्हती. म्हणून लाकडाच्याच चार पायांच्या चौकटीवर टांगलेला झोपाळा करायचा असं ठरलं. आप्पांनी हे मेस्त्रीकाकांना फोनवर सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी काका मापाची फीत घेऊन दारात हजर. "तुझ्या बापाशीक झोपाळो मी करून देतलंय," ते मला म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांची मान मला अशी ताठ दिसली.

त्याच दिवशी दुपारी काकीचा मला ऑफिसात फोन आला. "नको म्हण," ती म्हणाली. "काहीपण कारण सांग. रेडिमेड घेतला म्हण. पैसे नाहीत म्हण."

"अगं काकी, आप्पा किती खूश आहेत."

"आप्पा खूश आहेत म्हणूनच सांगते."

मी "बघते" म्हणाले. आणि मी काही बघितलं नाही. संध्याकाळी घरी आले तर दोघं म्हातारे जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर झोपाळ्याचं चित्र काढत होते आणि आप्पा माझ्यावर खेकसले, "पाय कुठे ठेवतेस, मोडशील ना!" त्या दोघांना नाही म्हणायचा वाईटपणा मला घ्यायचा नव्हता. मी स्वतःला समजावलं, की काकी आहे ना, ती बघेल काहीतरी. आपल्याला जमत नाही ते दुसऱ्यावर टाकायचं आणि त्याला विश्वास म्हणायचं, ही माझी जुनी खोड.

काकीने बघायचा प्रयत्न केला. वरच्या सांध्यांना आतून लोखंडी पट्ट्या मारू या, कुणाला दिसणारही नाहीत, असं तिने सुचवलं. काकांना ते इतकं लागलं, की ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. "माझ्या जोडाक लोखंड?" ते मला विचारत होते, जणू मीच ते सुचवलं होतं.

चौकट उभी राहिली त्या दिवशी मी मुद्दाम ठाकुर्लीला गेले. काकांनी शेवटचा सांधा ठोकला, पटाशी ठेवली, पाठ केली. बिडी शिलगावताना काडी दोनदा विझली. "गो, जाता काय?"

काकीने पट्टी लावली. मी बघत होते. पट्टी आत गेली, तरी तिने ती काढून पुन्हा लावली. आता ती खरं सांगणार, असं मला वाटलं. आणि देवाशपथ सांगते, मला ते नको होतं. घरी आप्पा वाट बघत होते, त्यांनी झोपाळ्यावर टाकायला गादी शिवायला दिलेली होती. काकांच्या पाठीला काय दिसलं कोण जाणे. त्यांनी विचारलं, "काय गो?"

"नाय," काकी म्हणाली.

काका मागे वळले आणि त्यांनी दोन्ही हात वर करून माझ्याकडे बघून हसून दाखवलं. त्या वेळी काकीने भरायच्या भुशात सरस नेहमीच्या दुप्पट घातला. चार सांधे भरायला तिला दोन दिवस लागले. तिने रेषा अशा जुळवल्या होत्या, की झोपाळा घरी आल्यावर बघायला आलेल्या शेजाऱ्यांनी विचारलं, हे सगळं एकाच झाडातून कोरून काढलंय का? आप्पांना मात्र तिने बजावून सांगितलं, "एकट्यानेच बसा. झोके जोरात नको." आप्पा वजनाला हलके होते. सात महिने सगळं ठीक चाललं.

दसऱ्याला काका-काकी सोनं द्यायला आली. मी आत चहा टाकत होते, काकी माझ्याबरोबर ओट्याशी उभी होती. बाहेर झोपाळ्यावरून आप्पांचा आवाज आला, "अहो मेस्त्री, खुर्चीवर काय बसता? तुमचाच झोपाळा आहे, या इथे." काकीच्या हातातली बशी तशीच राहिली. ती "अहो, नको" म्हणत बाहेर धावली. तोवर काका बसले होते आणि त्यांनी हौसेने पाय मारून एक झोका घेतला होता.

आवाज फार मोठा झाला नाही. एक सुका कडाका आणि मग दोन माणसं जमिनीवर. आप्पांच्या कोपराला खरचटलं, गादी खाली होती म्हणून बाकी वाचले. काकांना काहीच लागलं नाही. आम्ही धावलो तेव्हा ते उठून बसले होते आणि उघड्या पडलेल्या सांध्याकडे बघत होते. त्या सांध्यातून काकीने भरलेल्या भुशाचा एक जाड तुकडा निघून त्यांच्या मांडीवर पडला होता. एका बाजूला सुंदर रेषा काढलेला, दुसऱ्या बाजूला नुसता भुसा. काकांनी तो उचलला, डोळ्यांजवळ नेला, वास घेतला. मग कुसवाशेजारच्या रिकाम्या जागेत त्यांनी करंगळी घातली. ती आरामात गेली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

काकी खाली बसली. "पाच वर्सां."

"आणि तू माका नाय म्हणून सांगलंस."

काकांनी आवाज चढवला नाही. आप्पांचा हात हातात घेऊन "माफ करा" म्हणाले. आप्पा बिचारे काय काय समजुतीचं बोलत राहिले. मी तिथे उभी होते आणि मीही पाहिलं होतं, हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. नंतरही कधी सांगितलं नाही. काकीनेही माझं नाव घेतलं नाही.

काकांनी त्यानंतर हत्याराला हात लावला नाही. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. ते काकीशी बोलायचे, नीट बोलायचे. फक्त तिचं काही खरं धरेनात. ती म्हणाली गॅस बंद केला, की उठून बघायला जायचे. दार लावलं म्हणाली, की कडी हलवून यायचे. मी गेले असताना तिने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "साखर घातलीय." काकांनी चमचा मागून घेतला, ढवळला, चाखून बघितला आणि मग प्यायले. रागाने नाही. सवय झाल्यासारखं. काकी पदराने ओटा पुसत होती, पुसलेलाच परत परत पुसत होती. ती मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गो." तेव्हाही तिने चौकटीवर हात ठेवला होता, पण बोट फिरवलं नाही.

वर्षभरात काका गेले. डॉक्टरांना विचारलं तर सांगण्यासारखा मोठा आजार नव्हता.

मी काकीला शेवटचं पाहिलं ते गेल्या मार्चमध्ये. ठाकुर्लीची ती जागा बिल्डरला गेली होती, शेड रिकामी करायची होती आणि मुलगी तिला बडोद्याला न्यायला येणार होती. मी मदतीला म्हणून गेले. डब्यांची रांग नव्हती. भुसा तिने कधीच कुंड्यांत टाकून दिला होता. मोडलेल्या झोपाळ्याचा वरचा भाग तेवढा भिंतीला टेकवून ठेवलेला. आम्ही तो टाकून देणार होतो तेव्हा तिनेच मागून नेला होता. दोन लाकडं, मधे एक सांधा, तुटायचा राहिलेला.

काकी त्याच्यासमोर पाटावर बसली होती. हातात गोधडी शिवायची जाड सुई. त्या सुईने ती सांध्यातली स्वतःची भरण उकरून काढत होती. एकेक कण. आधी वरच्या काढलेल्या रेषा, मग भुसा, मग आतला घट्ट सरस. लाकडाला सुई लागू देत नव्हती. पदरात बराच चुरा साठला होता, म्हणजे काम काही दिवस चाललेलं असणार.

"काकी, हे काय करतेयस?"

"त्यांनी केला होता तसा करते," ती म्हणाली. "मी त्यांना बघूच दिला नाही."

मी खाली बसले. पॅकिंगचे खोके तसेच राहिले. तिने शेवटचा कण काढला, सांध्यावर फुंकर मारली आणि भिंतीकडे हात केला. कॅलेंडर अजून तिथे होतं. मी उठून फेब्रुवारीच्या पानाची एक पट्टी फाडून तिला दिली. तिने ती सांध्याला लावली आणि थोडी थांबली. समोर काकांची उभं राहायची जागा होती, तिथे आता जुन्या पेपरांचे गठ्ठे बांधून ठेवले होते. कुणी काही विचारलं नाही.

तिने पट्टी आत सरकवली. ती पलीकडून बाहेर आली.

"जाता," काकी त्या गठ्ठ्यांकडे बघून म्हणाली. "जाता हो."